सत्तेचाळीस नंबरचं कुंकू

वेबसाइटवरची एखादी फाईल बदलली की तिचं नावही बदलायचं, हा नियम आमच्या धंद्यात आता सगळेच पाळतात. नावाच्या शेपटीला एखादा आकडा जोडला की झालं. नागपूरच्या ऑफिसात मला हा नियम रीतसर शिकवणारा सहकारी माझ्याहून पाच वर्षांनी लहान होता. त्यानं फळ्यावर चौकोन आणि बाण काढून तो समजावला, आणि मी मान डोलावत ऐकून घेतलं. नियम मला आधीच ठाऊक होता. हिंगणघाटला एका कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत, खताच्या पोत्यांच्या वासात मी तो शिकले होते, आणि शिकेपर्यंत माझ्या सख्ख्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडायला आलं होतं.

गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. आम्ही वर्ध्याला लागून नालवाडीला राहत होतो. बाबांचं कापडाचं दुकान मोठी आंजी या गावाला. रोज सकाळी स्कूटरवर जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. मी बी.कॉम. झाले होते आणि वर्ध्यातल्या एका क्लासमधून वेब डिझाइनचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. त्याचं प्रमाणपत्र आईनं फ्रेम करून देवघराच्या वर लावलं होतं, तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. माझा स्वभाव असा की कुणी माझी चूक दाखवली तर मी आधी दाखवणाऱ्याची चूक शोधायची. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि सगळ्याच बाबतीत उलट. तिला राग आला की ती बोलायचीच नाही, आणि घरात सगळ्यांना माझ्या आरडाओरड्यापेक्षा तिच्या गप्प बसण्याचीच भीती जास्त वाटायची.

आमच्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका दरवर्षी निघायची. ती काढायचे समाजाचे सचिव, निवृत्त हेडमास्तर. पुस्तिकेत प्रत्येक मुलामुलीला एक नंबर असायचा आणि तो नंबर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लग्न जमेपर्यंत तीन वर्षं लागोत की पाच, नंबर तोच. जमलं की सचिव त्यांच्या कपाटातली मूळ प्रत काढायचे, मुलीकडचं आणि मुलाकडचं माणूस समोर बसायचं, आणि सचिव दोन्ही फोटोंच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट टेकवायचे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावतो ना, तसंच. पान फाडायचं नाही, मजकूर खोडायचा नाही, ते अशुभ. नुसतं कुंकू. कुंकू लागलेल्या नंबराची चौकशी कुणी करायची नाही, हा संकेत. आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होऊनही एखाद्या फोटोला कुंकू लागलं नाही तर त्याचा अर्थ समाजात एकच निघायचा: या घरचं मन अजून दुसरीकडे बघतं आहे.

पुस्तिका वेबसाइटवर टाकायची कल्पना माझी. सचिवांना कॉम्प्युटरचं फारसं कौतुक नव्हतं, पण पुण्या-मुंबईकडे गेलेल्या मुलांपर्यंत पुस्तिका पोचत नाही ही त्यांची जुनी तक्रार होती. त्यांनी परवानगी दिली आणि अटी घातल्या. वर गणपती पाहिजे. दोन्ही बाजूंना तेवणाऱ्या समया पाहिजेत, म्हणजे ज्योत हलली पाहिजे. ‘हार्दिक स्वागत’ उजवीकडून डावीकडे सरकलं पाहिजे. मी सगळं केलं. आज ते पान माझ्या ऑफिसातल्या कुणी पाहिलं तर मी टेबलाखाली जाऊन बसेन, पण तेव्हा आम्ही सगळेच तशी पानं करायचो. कोष्टकात कोष्टक, त्यात आणखी एक कोष्टक, आणि सगळ्यात आतल्या घरात बिचारा एक फोटो.

मराठी मजकुराचा तर वेगळाच ताप होता. माझ्या कॉम्प्युटरवर सुंदर दिसणारी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की किडेमुंग्या व्हायची. म्हणून मी प्रत्येकाची माहिती सुबक टाइप करून तिचं चित्रच करायचे आणि ते चित्र पानावर ठेवायचे. प्रत्येकाचं स्वतंत्र पान, एक माहितीचं चित्र, एक फोटो. फाईलींना नावं दिली ती पुस्तिकेतल्या नंबरांची. पान सत्तेचाळीस, फोटो सत्तेचाळीस. सचिवांना ही शिस्त फार आवडली. त्यांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि मी ती आठवडाभर मिरवली.

सत्तेचाळीस नंबर माझ्या ताईचा होता.

तिला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. पुस्तिका निदान ओळखीच्या घरांत जाते, इथं कोण कुठून बघेल याचा नेम नाही, असं तिचं म्हणणं. बाबांनी समजावलं, आईनं समजावलं. शेवटी ती मला म्हणाली, “टाकायचा त टाक. पण मले दाखवू नको.” आणि ती शब्दाला जागली. कॉम्प्युटर होता आमच्या दोघींच्याच खोलीत, पण मी ती साइट उघडली की ती उठून बाहेर जायची. सगळ्या जगानं तिचं पान पाहिलं असेल, तिनं नाही.

पाचेक महिन्यांत हिंगणघाटहून विचारणा आली. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याचा नंबर एकशे बारा. वडील नव्हते. घर चालायचं ते मोठ्या काकांच्या शब्दावर, आणि काकांचं गावात बियाण्या-खतांचं दुकान. त्यांनी साइटवरच ताईचा फोटो पाहिला होता, हे कळल्यावर माझी छाती चार बोटं फुगली. बघणं झालं, पसंती आली, आई-बाबा केळझरच्या गणपतीला जाऊन आले आणि साक्षगंध ठरलं. साक्षगंध छान झालं. खटकलं ते एकच. होणाऱ्या सासूबाई ताईशी एक शब्दही बोलल्या नाहीत. ओटी भरली, साडी दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि जाऊन खुर्चीवर बसल्या. घरी आल्यावर ताई म्हणाली, “त्याईले मी आवडली नाई वाटते.” आईनं तिला वेड्यात काढलं. मीही काढलं, पण मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सचिवांकडे बाबा आणि हिंगणघाटचे काका बसले आणि पुस्तिकेत दोघांना कुंकू लागलं. आता साइटवरही लागलं पाहिजे, असं सचिव म्हणाले. साइटवरून जमलेलं हे पहिलंच लग्न होतं, त्यामुळे वेबसाइटवर कुंकू लावायचं कसं हा प्रश्न पहिल्यांदाच आला. लाल रंगाचा गोल काढणं सोपं होतं, पण तो टिकलीसारखा दिसायचा. मग मी आईला कोऱ्या कागदावर कुंकवाचं बोट उमटवायला लावलं आणि तो कागद फोटो स्टुडिओत नेऊन स्कॅन करून आणला. आईच्या त्या बोटावर विळीनं कापल्याची जुनी खूण आहे, त्यामुळे ठसा मधून चिरलेला उमटला. ती चीर बुजवायला मी बसले आणि का कोण जाणे, तशीच राहू दिली. तो ठसा दोन्ही फोटोंच्या उजव्या कोपऱ्यात बसवला, नवे फोटो जुन्याच नावांनी वर चढवले, जुने आपोआप पुसले गेले. नंबर बदलायचा नाही ही तर समाजाची रीतच होती, तर फाईलचं नाव बदलायचं माझ्या स्वप्नातही आलं नाही. पान उघडून पाहिलं. सत्तेचाळीसला कुंकू, एकशे बाराला कुंकू. मी हात झटकले.

पसंती आल्यापासून मुलगा दर रविवारी सकाळी अकराला पुण्याहून ताईला फोन करायचा. तेवढा वेळ आम्ही सगळे काही ना काही निमित्त काढून अंगणात जायचो. साक्षगंधानंतरच्या दुसऱ्या रविवारी फोन आला नाही. बारा वाजले, एक वाजला. ताई फोनजवळ बसून मेथी निवडत होती. मेथी निवडून संपली तरी ती तिथून उठली नाही.

चारच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा तो मीच उचलला. हिंगणघाटचे मोठे काका होते. बाबा झोपले आहेत, उठवू का, असं मी विचारलं तर म्हणाले, नको, तूच साइटवाली ना, मग तुलाच विचारतो. आवाज चढलेला नव्हता आणि तेच वाईट होतं.

“आमच्या पोराले कुंकू लागलं,” ते म्हणाले, “तुमच्या पोरीले काऊन नाई लागलं?”

मी म्हटलं, लागलं आहे. ते म्हणाले, मी आत्ता पाहून उठलो, पोराला आहे आणि पोरीला नाही. तुमच्या हातात आहे म्हणून आमच्या पोराचा रस्ता बंद केला आणि स्वतःचा उघडा ठेवला, असं लोक म्हणतील. घरात पोराच्या आईनं दोन दिवसांपासून तोंडाला कुलूप लावलं आहे. काय ते स्पष्ट सांगा, म्हणजे आम्हीही मोकळे.

इथं मी शांत राहायला हवं होतं. पण माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की माझं डोकं आधी तापतं आणि मग चालतं. मी म्हटलं, “काका, चश्मा पुसून पाहजा.” पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

तो आवाज घरात सगळ्यांनी ऐकल्यासारखं झालं. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत गेली. बाबा उठले, त्यांना मी सगळं सांगितलं, माझं वाक्यसुद्धा. बाबा दुकानदार माणूस. गिऱ्हाईकानं ताग्यांवर तागे उलगडायला लावून काहीच घेतलं नाही तरी हसून घडी घालणारा. त्या दिवशी ते माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, “तुले कोणी सांगितलं होतं फोनवर तोंड चालवाले?” आणि डोळे मिटून बसून राहिले.

मी धावत जाऊन साइट उघडली. कुंकू होतं. सायकल काढून वर्ध्यातल्या दोन वेगवेगळ्या सायबर कॅफेंत गेले, तिथंही उघडून पाहिलं. दोन्हीकडे कुंकू होतं. आता माझी खात्रीच पटली की ही माणसं खोटं बोलत आहेत. लग्न मोडायचं आहे आणि निमित्त हवं आहे. घरी येऊन मी हे मोठ्या आवाजात सांगितलंही. आई म्हणाली, हळू बोल. रात्री ताई जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही दोन घास खाऊन उठली. मंगळवारी बाबांनी दुकान बंद ठेवलं. माझ्या आठवणीत, कुणी गेल्याशिवाय आमचं दुकान मंगळवारी बंद राहिलेलं नव्हतं. ते मला म्हणाले, तयार हो, हिंगणघाटला जायचं आहे. तू त्यांच्या पाया पडून माफी मागशील, पुढचं मी बोलेन.

मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन्ही पानांच्या रंगीत प्रिंट घेतल्या होत्या. माफी मागायचं कबूल केलं होतं, पण मनात होतं की आधी पुरावा समोर टाकायचा. एसटीत बाबा खिडकीशी बसले आणि वायगाव गेलं तरी एक शब्द बोलले नाहीत. मीही बाहेर बघत राहिले. मला ताईची काळजी वाटत होती असं लिहायला आवडेल, पण खरं सांगायचं तर अर्ध्या रस्त्यापर्यंत मला स्वतःचाच राग पुरत होता. मग एका थांब्यावर एक बाई चढली, तिच्या हातात ताईच्या साक्षगंधाला आली होती तशीच साडीची खोकी होती, आणि एकदम मला ताई आठवली. ते घर ‘नाही’ म्हणालं तर सत्तेचाळीस नंबर परत मोकळा होणार. कुंकू पुसायची रीत आमच्या पुस्तिकेत नव्हतीच. तशी वेळच कधी आली नव्हती.

काकांनी या म्हटलं, पाणी दिलं, पण आवाजात ऊब नव्हती. मी पाया पडले आणि माफी मागितली. त्यांनी मान हलवली. मग मी फोल्डर पुढे केलं. त्यांनी प्रिंट नीट पाहिली, परत दिली आणि म्हणाले, कागदावर कुंकू कुणीही लावू शकतं, माझ्या मशीनवर काय आहे ते पाहा. आम्हाला ते दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेले. एका बाजूला युरियाची पोती, दुसऱ्या बाजूला टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर क्रोशाचं विणलेलं झाकण. सासूबाई मागोमाग आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. काकांनी फोनची तार मशीनला जोडली, मोडेमनं आपली किरकिर केली आणि नेट लागलं.

त्यांनी सत्तेचाळीस उघडलं. पान क्षणात आलं. फोटोत ताई, तिची निळी साडी, आणि उजवा कोपरा कोरा.

तो फोटो मी स्वतः पुसला होता. साइटवर तो आता कुठंच नव्हता, आणि इथं माझ्यासमोर होता. मग काकांनी एकशे बारा उघडलं. मुलाचा फोटो, कोपऱ्यात आईच्या बोटाचा ठसा, मधून चिरलेला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही. त्यांना वाटलं, पोरीनं खरंच घोळ घातला आणि वर उर्मटपणा केला. आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं की चूक माझी असू शकते. एकदा हे वाटल्यावर डोकं चालायला लागलं.

दोन्ही फोटो मी एकाच दिवशी, पाच मिनिटांच्या अंतरानं चढवले होते. एक नवा दिसतो, एक जुना. फरक साइटवर नाही, म्हणजे या मशीनमध्ये आहे. क्लासमध्ये सरांनी सांगितलेलं आठवलं, जे तेव्हा मी वहीत लिहून विसरून गेले होते: ब्राउझर एकदा आणलेलं चित्र स्वतःजवळ ठेवून घेतो. पुन्हा त्याच नावाचं चित्र मागितलं की आणायला जात नाही, घरातलंच काढून देतो. पान उघडलं की ते ताजं करायची दोन बटणं दाबायची माझ्या हाताला सवयच होती, म्हणून मला ते कधी दिसलं नव्हतं. आणि सायबर कॅफेत आमच्या ताईला आधी कुणी पाहिलेलंच नव्हतं.

मी काकांना विचारलं, साक्षगंधाच्या आधी तुम्ही तुमच्या मुलाचं पान कधी उघडलं होतं का? ते जरा चिडूनच म्हणाले, घरच्या पोराला कॉम्प्युटरवर कोण कशाला पाहील? कुंकू लागलं का ते पाहायला पहिल्यांदा उघडलं.

मग मी विचारलं, आणि ताईचं?

काका म्हणाले, दोन-तीनदा, जमवायच्या वेळी. म्हणजे माझा हिशेब बरोबर होता. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“मी पाहत होती,” सासूबाई म्हणाल्या. “रोज सकायी.”

काकांनी वळून पाहिलं. त्यांनाही हे नवीन होतं. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि जमिनीकडे बघत सांगितलं. पोरगा पुण्याला जाताना त्यांना मशीन सुरू करायला शिकवून गेला होता. स्क्रीनवर एक चित्र करून दिलं होतं, त्यावर दोनदा टिचकी मारायची की मशीनमध्ये साठलेलं ताईचं पान उघडायचं, फोनची तार जोडायचीही गरज नाही. दुकान उघडायच्या आधी त्या इथं झाडायला यायच्या. झाडून झालं की बसायच्या, फोटो पाहायच्या, मशीन बंद करून झाकण घालायच्या. साक्षगंध झाल्यावर त्यांना वाटलं, आता कुंकू लागलेला फोटो दिसेल. रोज उघडायच्या, रोज कोरा. आठ दिवसांनी त्यांनी जेवण टाकलं आणि काकांना एवढंच म्हटलं, कुंकू लागलं का ते एकदा पाहा.

“मले वाटलं, आमचं घर पसंत नाई तिले,” त्या म्हणाल्या. “साक्षगंधात मी बोलली नाई म्हणून राग आला असन. मले लोकाईत बोलताच येत नाई.”

तिकडे ताई, ‘त्याईले मी आवडली नाई वाटते’ म्हणून जेवण टाकून बसलेली, आणि इकडे ही बाई तेच म्हणून. मधे मी, माझं प्रमाणपत्र आणि माझी शिस्त.

ताजं करायची ती दोन बटणं दाखवून मी काकांना म्हटलं, दोन बोटं इथं ठेवा आणि दाबा. त्यांनी नको म्हटलं, तूच दाब. मग मी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि त्यांची बोटं दोन बटणांवर ठेवली. त्यांनी दाबलं. फोटो नाहीसा झाला आणि त्या दचकल्या. मी म्हटलं, थांबा, नवीन येतो आहे. त्या काळची लाईन ती, फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उलगडायचा. पहिल्या पट्टीत मागच्या पडद्याचा आकाशी रंग आला. दुसऱ्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात लाल कड आली. मग अर्धा ठसा, मग मधली चीर, मग पूर्ण कुंकू. आणि त्यानंतर सावकाश ताईचे केस, कपाळ, डोळे. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. त्या हाताचं वजन कमी होत गेलेलं मला कळलं.

काकांनी चष्मा काढला. काढून धोतराच्या टोकानं पुसला, परत लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “पुसला बरं का.” सगळ्यात आधी हसले ते बाबा. तीन दिवस कोंडलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं असावं, कारण ते हसता हसता पोत्यावर बसले आणि डोळे पुसायला लागले. चहा आला, मग जेवूनच जायचं ठरलं. जेवताना सासूबाईंनी मला हळूच विचारलं, तो आधीचा फोटो आता गेला का? मी म्हटलं, गेला. त्या म्हणाल्या, सवय झाली होती त्याची. मी त्यांना मूळ फोटोची एक प्रत काढून द्यायचं कबूल केलं आणि लग्नाच्या रुखवतात ती फ्रेम करून ठेवलीसुद्धा.

निघताना काकांनी पुण्याला फोन लावला आणि पुतण्याला सांगितलं की आता रविवारची वाट पाहत बसू नकोस.

परतीच्या एसटीत बाबा वायगाव यायच्या आधीच झोपले, तोंड उघडं टाकून. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला सगळंच चांगलं दिसत होतं, ढाबेसुद्धा. फाईलचं नाव बदललं पाहिजे, हे त्याच प्रवासात ठरवलं. सचिवांनी नंतर त्यावर आठ दिवस वाद घातला, की नंबर बदलता येणार नाही, म्हणजे नाही. शेवटी तडजोड निघाली. नंबर तोच ठेवायचा, कुंकू लागलं की त्याच्यापुढे एक अक्षर जोडायचं. पुढे साइटवरून बरीच लग्नं जमली आणि त्या अक्षरानं कधी दगा दिला नाही.

नालवाडीला पोचलो तेव्हा फोन येऊन गेला होता. आईचा चेहरा पाहूनच कळलं. ताई आमच्या खोलीत बसली होती, डोळे सुजलेले, पण समोर पोह्यांची बशी रिकामी. मी तिला सगळं सांगितलं, कोरा कोपरा, मशीनवरचं झाकण, दोन टिचक्या. मी म्हटलं, त्या रोज तुझा फोटो पाहत होत्या. रोज सकाळी, झाडू मारून झाल्यावर.

तिनं बशी बाजूला सारली. मग म्हणाली, “मले दाखव.”

मी कॉम्प्युटर सुरू केला. ती माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसली, पदराला हात पुसत. फोटो वरून खाली उतरायला लागला आणि कोपऱ्यातलं कुंकू पूर्ण झालं तसं तिनं हात पुढे करून त्या चिरेवर बोट ठेवलं. त्या चिरेबद्दल मी कुणाला सांगितलं नव्हतं, सचिवांनाही नाही.

“हे त आईचं बोट हाय,” ती म्हणाली, आणि खाली उतरणारा तिचा स्वतःचा चेहरा तिनं पाहिलाच नाही. उठून ती स्वयंपाकघरात आईकडे गेली.